एका शेडचे दोन गट

विद्यापीठाने आम्हाला मदत करायचं ठरवलं तेव्हा आमचं बरं चाललं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्या जाडजूड अहवालाची सुरुवातच मुळी आमच्या हालअपेष्टांपासून होते, आणि त्या वाचताना माझेच डोळे भरून आले होते. हाल नव्हते असं नाही. पण मशरूम छान येत होते.

शेड आमची, म्हणजे माझी आणि आमच्या ह्यांची, रस्त्याच्या अलीकडे. पलीकडे छावणी. तारेचं कुंपण, एक फाटक आणि आत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. सीमेपलीकडे लढाई पेटली तेव्हा जीव मुठीत धरून आलेली माणसं तिथे ठेवली. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणाले. त्या थोड्या दिवसांत जन्मलेली पोरं आता शाळेत जातात.

मास्तरीण त्या छावणीतली. तिकडे शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणच म्हणतात. गादीत भरायला भुसा मागायला ती आली, तेव्हा मी मशरूमच्या पिशव्या भरत होते आणि पिशव्यांना शिव्या घालत होते. तिने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "ताई, द्या इकडे." त्या दिवसापासून आम्ही भागीदार. भुसा भिजवायचा, उकळायचा, निथळायचा. मग पिशवीत एक थर भुशाचा, एक बियाण्याचा, असं करत भरायचं, पिशव्या छताला टांगायच्या आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत राहायचं. अंगमेहनत लागेल तिथे मी आणि सबुरी लागेल तिथे ती. बोलण्याचं काम मात्र दोघींनी निम्मं निम्मं घेतलं होतं, आणि ते कधी तुंबून राहिलं नाही.

फाटकावरचा शिपाई तिला सकाळी सोडायचा आणि दिवस मावळायच्या आत परत घ्यायचा. चिठ्ठीचपाटी काही नाही. "शेडवर जाते," ती म्हणायची, तो मान हलवायचा. एकदा तिला ताप होता तरी आली. मी म्हटलं, "अहो मास्तरीणबाई, एक दिवस पडून राहायचं होतं."

"आत मला रोज मोजतात, ताई," ती म्हणाली. "इथे कुणी मोजत नाही. कामाला लावतात."

यावर मी तिला कामाला लावलं.

आणि मग विद्यापीठ आलं. म्हणजे एक गाडी आली आणि त्यातून प्रोफेसर उतरले. उंच, अतिशय नम्र आणि कुणाचंही वाक्य पुरं होऊ न देणारे. बरोबर एक विद्यार्थिनी होती, जिला आम्ही पुढे सर्वेवाली म्हणू लागलो, आणि एक बॅनर होता. बॅनरवर 'निर्वासित व यजमान समाजांतील लघु कृषी उद्योगांचे सक्षमीकरण' असं लिहिलेलं होतं. तो इतका लांब होता की शेडच्या दारावरून बांधावा लागला, आणि त्या दिवशी सगळे मागच्या खिडकीतून आत आले.

प्रोफेसरांनी सगळं बघितलं, दोनदा "वा" म्हणाले आणि छावणीतल्या माणसांच्या येण्याजाण्यात शिस्त नाही हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मान हलवून माणसं सोडतात हे काही बरोबर नाही. त्यांनी छावणीच्या साहेबांशी बोलून रीतसर पास सुरू करायचं ठरवलं, उद्योजक पास. पासची शिफारस विद्यापीठ करणार. साहेबांनी ते आनंदाने मान्य केलं. दुसऱ्या दिवसापासून मान हलवणं बंद झालं, आणि फाटकावरचे शिपाईही दर थोड्या दिवसांनी बदलू लागले, म्हणजे कुणाची ओळखच होऊ नये.

पास मिळेपर्यंत मास्तरीण आत. "काही दिवसांचाच प्रश्न आहे," प्रोफेसर म्हणाले. ते वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला आठवलं. पण खरं सांगायचं तर मीही थोडी हरखले होते. मला कुणी 'उद्योजिका' म्हणायची ती पहिलीच वेळ. आमचे हे तर मला चहा मागतानाही तसंच म्हणायला लागले होते.

त्या आधीच सर्वेवाली दोघींची माहिती घेऊन गेली होती. ती आली त्या दिवशी मी ह्यांचा फाटका शर्ट घालून भुशाच्या हौदात गुडघ्यापर्यंत उभी होते. मास्तरीण शेजारी नीटनेटकी, डोळ्यांवर चष्मा, कपडे गादीखाली घडी दाबून कडक केलेले. मुलीने मास्तरणीला वाकून नमस्कार केला, बसायला स्टूल दिलं आणि माझ्याकडे वळून हळव्या आवाजात म्हणाली, "घर सोडताना फार त्रास झाला असेल ना तुम्हाला?" मला वाटलं, लग्नाचं विचारतेय. "झाला की," मी म्हटलं, "आठवडाभर रडत होते." तिने माझा हात दाबला. पोरगी किती प्रेमळ, असं मी तेव्हा मास्तरणीला म्हणाले.

मग एके दिवशी छावणीच्या सभागृहात सोडत झाली. कुंपणाच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे छोटे धंदेवाले बोलावले होते, कोंबडीवाले, रोपवाले, मधवाले आणि आम्ही. प्रोफेसरांनी समजावून सांगितलं की मदत निम्म्या लोकांना मिळेल आणि निम्म्यांना मिळणार नाही. कुणाला मिळेल ते चिठ्ठी ठरवेल. शेवटी दोघांत काय फरक पडला ते बघून मदतीचा उपयोग होतो की नाही ते कळेल.

"म्हणजे निम्म्या वर्गाला शिकवायचं," मास्तरीण उठून म्हणाली, "आणि निम्म्याला नुसतं बाकावर बसवून ठेवायचं, आणि मग सगळ्यांची परीक्षा घ्यायची?"

"अगदी बरोबर!" प्रोफेसर खूश झाले. "किती सोप्या शब्दांत मांडलंत."

माझी चिठ्ठी निघाली साहाय्य गटाची. मास्तरणीची निघाली तुलना गटाची.

मी उठून म्हटलं की आमची शेड एक, पिशव्या एक, पाण्याचा पाइप एक. प्रोफेसरांनी क्षणभर कपाळाला बोट लावलं. मग म्हणाले, "काही हरकत नाही, आपण मध्ये पडदा लावू."

आणि लावला. जाड प्लास्टिकचा पडदा, छतापासून जमिनीपर्यंत, शेडच्या बरोबर मधोमध. अलीकडच्या पिशव्या साहाय्य गटाच्या. त्यांच्यावर धुक्यासारखं पाणी उडवणारा नवा पंप बसला. पलीकडच्या तुलना गटाच्या. त्यांना नेहमीसारखं राहायचं होतं, फक्त नेहमी पाणी मारणारी बाई आत अडकली होती. मी बादली घेऊन पडद्याआड जायला लागले तर प्रोफेसर आडवे आले. "ताई, ती मदत होईल. निष्कर्ष बिघडतील." माझं प्रशिक्षणही झालं. हात कसे धुवावेत यावर सबंध दिवस भाषण झालं, आणि शेवटी बजावलं की यातलं एक अक्षरही तुलना गटाला सांगायचं नाही. मास्तरणीला हात धुता येतात, हे मी त्यांच्यापासून लपवून ठेवलं.

राहता राहिला पास. पास हीसुद्धा मदतच, त्यामुळे तुलना गटाला तो देता येत नव्हता. अभ्यास संपेपर्यंत थांबा, म्हणाले. अभ्यास दोन हंगाम चालणार होता.

मी रोज कुंपणापाशी जायचे. ती पलीकडून विचारायची, "माझ्या पिशव्या?" मी सांगायचे की आहेत, ठीक आहेत. प्रोफेसरांची गाडी दिसेनाशी झाली की मी चोरून बादली मारायचे, पण एकटीच्याने दोन्हीकडे होईना, आणि पडद्याने वारा कोंडून तिच्या बाजूला हिरवी बुरशी धरू लागली होती. तिने ते माझ्या तोंडावरूनच ओळखलं असणार. थोड्याच दिवसांत तिच्या कपड्यांवर चुण्या दिसायला लागल्या. कपडे गादीखाली ठेवायचंच तिने सोडलं होतं. "कुणासाठी ठेवू," ती म्हणाली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संताप आला. भागीदार आजारी पडला, भांडला, पळून गेला, तर माणूस समजू शकतो. माझी भागीदार चिठ्ठी टाकून काढून घेतली होती, आणि वर ज्ञानासाठी.

मग पास वाटपाचा समारंभ आला. सभागृहात साहाय्य गट पुढे खुर्च्यांवर, तुलना गट मागे सतरंजीवर. पुढे खाऊची पाकिटं फिरली. मागे फिरली नाहीत, कारण खाऊ ही पण मदत. आम्हा पुढच्यांना टोप्या आणि तोंडाला मास्क लावून बसवलं होतं. मशरूमवाले, कोंबडीवाले, सगळेच. फोटोत स्वच्छता दिसली पाहिजे, असा प्रोफेसरांचा आग्रह होता. पासवरचे फोटोही तसेच काढलेले. नाव तर पासवर नव्हतंच, आमची ओळख गोपनीय राहावी म्हणून फक्त क्रमांक.

"क्रमांक सत्तावीस," प्रोफेसर माइकवरून म्हणाले, "निर्वासित उद्योजिका!"

टाळ्या पडल्या. कुणी उठेना. मग सर्वेवालीने मला कोपराने ढोसलं, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातात पास होता. टोपी, मास्क आणि मधे दोन डोळे. छावणीतून बाहेर पडून माझ्याच शेडमध्ये जायची मला परवानगी मिळाली होती.

व्यासपीठाच्या मागे मी सर्वेवालीला धरलं. "अगं पोरी, मी इथली. जन्मापासून इथली. निर्वासित ती, चष्मेवाली!"

तिचा चेहरा उतरला. "पण तुमचे कपडे..." एवढं म्हणून ती थांबली. मग रडवेली होऊन म्हणाली, "ताई, प्रोफेसरांना सांगू नका. आता बदल केला तर सगळाच अभ्यास बाद होईल. माझी पदवी यावर आहे."

मी पासकडे बघितलं, मागे सतरंजीवर बसलेल्या मास्तरणीकडे बघितलं आणि माझा राग एकदम निवला. "नाही सांगत," मी म्हटलं. "तुझ्या पदवीसाठी हं." सभा उठली तेव्हा तो पास मास्तरणीच्या मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चष्मा खिशात टाकून, टोपी घालून, मास्क लावून फाटकातून बाहेर आली. शिपायाने फोटो बघितला, डोळे बघितले, क्रमांक लिहून घेतला. ती शेडमध्ये आली, मास्क काढला आणि पडद्याकडे बघून एक शब्द बोलली. मास्तरीण असे शब्द बोलत असेल असं मला वाटलं नव्हतं. मग बुरशी लागलेल्या पिशव्या आम्ही बाहेर काढल्या आणि नव्या भरायला बसलो. गाडीचा आवाज आला की पडदा खाली, गाडी गेली की वर.

तो हंगाम झकास गेला. प्रोफेसर आमच्या मशरूमकडे बघून भारावून जायचे. क्रमांक सत्तावीसमध्ये, म्हणजे माझ्यात, आत्मविश्वास वाढलाय, असं त्यांनी लिहिलं. माझा आत्मविश्वास कमी व्हावा म्हणून आमचे हे लग्नापासून झटताहेत, त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते स्वतःच उठून चहा ठेवायला गेले.

आणि मग प्रोफेसरांच्या डोक्यात आलं की मी छावणीत जाऊन भाषण द्यावं. दूरदेशीचे पाहुणे आले होते. एका निर्वासित उद्योजिकेने आपल्या बांधवांना प्रेरणा द्यावी, असं त्यांचं म्हणणं. मला नाही म्हणता आलं असतं. पण माइक समोर येणार म्हटल्यावर माझी जीभ शिवशिवते. दुपारी गाडी मला फाटकातून आत घेऊन गेली. गाडीला कुणी पास विचारला नाही. मी जोरदार भाषण केलं. घर सोडल्याचं दुःखही सांगितलं, मनात माहेर ठेवून. पाहुण्यांनी डोळे पुसले. मग फोटो झाले, चहा झाला, सगळे गाडीत बसले आणि गाडी निघून गेली.

मला न घेता. मला कशाला घेतील? त्यांच्या लेखी मी घरीच होते.

मी फाटकाशी गेले. शिपाई नवा होता. "पास?"

पास रस्त्यापलीकडे, माझ्या शेडमध्ये, मास्तरणीच्या खिशात.

"अहो, मी इथली नाही," मी म्हटलं. "मी पलीकडची. ते बघा, त्या पाण्याच्या टाकीमागे माझं घर दिसतंय."

"सगळ्यांनाच दिसतं," तो म्हणाला. चेष्टेने नव्हे. बिचारा दिवसभर हेच ऐकत असणार.

मी आवाज चढवला, तेव्हा त्याने खुर्ची जरा लांब सरकवली. मी नरमाईने घेतलं, तेव्हा त्याने पाणी दिलं. आयुष्यभर या तोंडाच्या जोरावर मी वाट काढत आले, आणि इथे माझ्या बोलण्याला काही वजनच नव्हतं. मी खरं बोलत होते, तरी नव्हतं. तार हाताने धरून उभी राहिले तेव्हा समजलं की मास्तरीण रोज इथेच उभी राहायची, मी पलीकडून गप्पा मारायला यायचे तेव्हा. मला एकदम भीती वाटली. खरीखुरी.

ह्यांना फोन लावला. ते आले आणि त्यांच्या मागोमाग, दिवस मावळतीला आला म्हणून, टोपी-मास्क लावलेली मास्तरीण आली. तारेपलीकडे दोघं थबकून उभी राहिली. त्याच वेळी धूळ उडवत विद्यापीठाची गाडीही परत आली. मला वाटलं, सुटले. पण ते बॅनर विसरले होते.

शिपायाने प्रोफेसरांना थांबवलं. "साहेब, ही बाई म्हणते मी स्थानिक आहे. घरी सोडा म्हणते."

प्रोफेसर माझ्याकडे वळले. मागे सर्वेवालीने हात जोडलेले मला दिसत होते. "काय हे, सत्तावीस? खरं काय ते सांगा. स्थानिक असाल तर नोंदच चुकली म्हणायची. मग पास रद्द करावा लागेल, आणि तुम्ही आत्ता घरी जा."

एक शब्द बोलायचा होता. तोही खरा. समोर माझं घर, तारेपलीकडे माझा नवरा. आणि त्याच्या शेजारी मास्कवरचे दोन डोळे, जे मला जा म्हणत होते. मास्तरणीने चक्क मान हलवली, जुन्या शिपायासारखी. तिला माझी अडचण नको होती. त्या मान हलवण्यानेच माझा निकाल लागला.

"नाही साहेब," मी म्हटलं. "मी इथलीच. आतली. घराची आठवण आली की मी असं काहीतरी बोलते."

प्रोफेसरांनी समजुतीने डोळे मिटले. "स्वाभाविक आहे," ते सर्वेवालीला म्हणाले, "लिहून घे." मग शिपायाला म्हणाले, "हीच क्रमांक सत्तावीस. आत आली अशी नोंद करा. आणि सत्तावीस, उद्या पाहुण्यांना शेड दाखवायची आहे, सकाळी गाडी पाठवतो."

शिपायाने खूण केली आणि तारेपलीकडे बोट दाखवलं. "मग ही कोण?"

आणि माझ्या संसारात ज्यांना वेळेवर एक वाक्य सुचल्याचं मला आठवत नाही, ते आमचे हे म्हणाले, "ही? ही माझी बायको. अगं, चला, स्वयंपाक व्हायचाय."

'अगं' आणि 'चला' एका दमात. मास्तरीण मुकाट्याने त्यांच्यामागे निघाली. माझ्या घराच्या दिशेने, माझ्या नवऱ्याबरोबर, आणि मी तारेला धरून बघत राहिले. हसावं की ओरडावं कळेना.

त्या रात्री छावणीत मोजणी झाली. मास्तरणीच्या खोलीत, तिच्या जागी, चादर डोक्यावरून घेऊन मी बसले होते. बॅटरीचा उजेड आला, गेला. एकही माणूस कमी नव्हतं, एकही जास्त नव्हतं. मग बाहेरून मोठं फाटक बंद झाल्याचा आवाज आला. खोलीला कडी नव्हतीच. छावणीच्या नियमात बसत नाही म्हणे. मी रात्रभर दाराकडे बघत पडून राहिले.

सकाळी गाडी आली. मी शेडवर पोचले तेव्हा मास्तरीण पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाणी मारून बसली होती. कपडे कडक. माझ्या गादीखाली ठेवले असणार. पाहुणे अजून बाहेर बॅनर बांधत होते.

"झोप लागली का नीट?" मी विचारलं. "आमच्या घरात जरा उकडतं."

"नाही लागली," ती म्हणाली आणि लाजल्यासारखी हसली. "तुमच्या दाराला आतून कडी आहे ना, ताई. रात्रभर उठून काढून बघत होते."

"कशासाठी?"

"निघते का ते."